कमी रॅमच्या संगणकावर कोणती सिस्टीम बरी? पेजिंग मोजून ठरवण्याची रीत

४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला: यावर विंडोज ठेवायचं की लिनक्स टाकायचं? उत्तरं पटापट मिळतात आणि बहुतेक उत्तरं एकाच आकड्यावर बेतलेली असतात. अमुक सिस्टीम सुरू झाल्या झाल्या ७०० एमबी घेते, तमुक २ जीबी घेते, म्हणून पहिली हलकी. मी असे लॅपटॉप दुरुस्त करून शिकणाऱ्या मुलामुलींना देते. त्यांना त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास करायचा असतो, त्यामुळे या आकड्यावर मी निर्णय घेत नाही. रिकाम्या डेस्कटॉपवर किती मेमरी भरली आहे यावरून मेमरी संपल्यावर सिस्टीम कशी वागेल ते कळत नाही. आणि ४ जीबीच्या यंत्रावर मेमरी संपतेच. ब्राउझरचे आठ-दहा टॅब, एखादी जाड पीडीएफ आणि जोडीला व्हिडिओ कॉल, एवढं पुरतं.

शिवाय तो आकडाही नीट वाचावा लागतो. मोकळी मेमरी कुठलीच सिस्टीम रिकामी ठेवत नाही, नुकत्याच वाचलेल्या फाइली तिथे कॅश करून ठेवते आणि गरज पडली की ती जागा लगेच सोडते. म्हणून लिनक्सवर ‘फ्री’ कमांड चालवली तर ‘फ्री’ नावाचा रकाना सोडून ‘अव्हेलेबल’ हा रकाना बघायचा. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याच्या ३.१४ आवृत्तीपासून, म्हणजे २०१४ पासून, हा अंदाज खुद्द कर्नलच देतं.

माझ्या लेखी मोजण्यासारखी गोष्ट एकच आहे: बराच वेळ मागे पडलेली विंडो पुन्हा पुढे आणली की ती हाताला प्रतिसाद द्यायला किती वेळ लावते. माणूस तेवढा वेळ खरोखर खोळंबून बसतो. बाकीचे सगळे काउंटर हा खोळंबा का झाला ते सांगायला आहेत.

पेज जातं कुठे आणि येतं कुठून

सिस्टीम मेमरी पेज नावाच्या छोट्या तुकड्यांत हाताळते. रॅममध्ये न मावणारी पेजेस बाहेर काढणं आणि लागली की परत आणणं म्हणजे पेजिंग. इंटेल आणि एएमडीच्या यंत्रांवर मेमरीचं एक पेज साधारणपणे ४ केबीचं असतं, ॲपलच्या एम मालिकेतल्या चिपवर १६ केबीचं. प्रोग्रॅमने मागितलेलं पेज त्याच्या हाताशी नसलं की पेज फॉल्ट होतो. पेज रॅममध्येच असेल आणि नुसतं जोडून द्यायचं असेल तर तो मायनर फॉल्ट. त्याची काळजी करू नका, असे हजारो होत असतात. ते डिस्कवरून आणावं लागलं तर मेजर फॉल्ट, विंडोजच्या भाषेत हार्ड फॉल्ट.

आता नीट लक्षात घ्यायची गोष्ट. रॅममधली पेजेस दोन जातींची असतात. एका जातीची मूळ प्रत डिस्कवर आधीच असते: प्रोग्रॅमचा कोड, लायब्रऱ्या, उघडलेल्या फाइली. ती बदललेली नसतील तर सरळ टाकून देता येतात, लागली की पुन्हा वाचायची. दुसऱ्या जातीची प्रत कुठेच नसते: ब्राउझरने मांडलेलं पान, स्प्रेडशीटमधली आकडेमोड. ती हलवायची तर स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर त्यासाठी राखलेल्या जागेत, लिहावी लागतात किंवा दाबून बारीक करून रॅममध्येच ठेवावी लागतात.

म्हणून ‘स्वॅप बंद करा, लॅपटॉप वेगवान होईल’ हा सल्ला मला पटत नाही. स्वॅप बंद केला तरी पेजिंग चालूच राहतं. दुसऱ्या जातीची पेजेस हलवायला वाट उरत नाही, मग कर्नल पहिल्या जातीवर तुटून पडतं. चालू असलेल्या प्रोग्रॅमचाच कोड टाकून द्यायचा, पुढच्या क्षणी तोच डिस्कवरून परत आणायचा, पुन्हा टाकायचा. स्वॅपचा आकडा शून्य, डिस्कचा दिवा अखंड पेटलेला आणि माउसचा बाण जागच्या जागी. लिनक्सवर स्वॅपशिवाय यंत्र पार गोठल्याच्या तक्रारी येतात, त्यांच्यामागे बऱ्याचदा हेच असतं.

किती फरक पडतो, ते एका हिशोबातून बघू. समजा ब्राउझरच्या एका विंडोची ३०० एमबी पेजेस बाहेर गेली आहेत. ४ केबीच्या हिशोबाने ती ७६,८०० पेजेस झाली. लॅपटॉपमधली ५,४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत मारते. सरासरी अर्ध्या फेरीची वाट आणि मुंडी हलवण्याचा वेळ धरला तर विखुरलेली वाचनं सेकंदाला साठ-सत्तरच्या पलीकडे जात नाहीत. एकेक पेज सुटं आणलं तर वीस मिनिटं लागतील. लिनक्स स्वॅपमधून वाचताना एरवी ८ पेजेसचा गठ्ठा उचलतं. ती शेजारची पेजेस उपयोगी पडली तर हाच वेळ अडीच मिनिटांवर येतो. साध्या साटा एसएसडीवर एका वाचनाला १०० मायक्रोसेकंद धरले आणि वाचनं एकामागून एक झाली, तर साधारण पावणेआठ सेकंद. आणि तीच पेजेस रॅममध्येच दाबून ठेवलेली असतील तर एक पेज उलगडायला काही मायक्रोसेकंद, म्हणजे सगळी मिळून सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी.

प्रत्यक्षात सगळी ३०० एमबी एकदम लागत नाहीत, पण प्रमाण हेच राहतं. सिस्टीम विंडोज आहे की लिनक्स यापेक्षा डिस्क कोणती आहे आणि कॉम्प्रेशन, म्हणजे पेजेस रॅममध्येच दाबून ठेवणं, चालू आहे की नाही यानेच बहुतेक निकाल ठरतो. तुलना करताना हे दोन्ही घटक हातात धरले नाहीत तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजून बसाल.

यंत्र तयार करताना

एकच लॅपटॉप, एकच डिस्क. पण एका डिस्कचे दोन भाग करून दोन सिस्टीम शेजारी टाकल्या की तुलना सारखी झाली, असं फिरत्या डिस्कच्या बाबतीत समजू नका. डिस्कची सुरुवात बाहेरच्या कडेला असते आणि तिथला वाचनाचा वेग आतल्या भागापेक्षा बराच जास्त असतो. ज्या सिस्टीमला पहिला भाग मिळाला तिला फुकटचा फायदा. हार्ड डिस्क असेल तर एक सिस्टीम टाकावी, मोजावी, पुसावी आणि त्याच जागी दुसरी टाकावी. एसएसडीवर ही अडचण नाही, मात्र ती काठोकाठ भरलेली नसावी. एनक्रिप्शन ठेवायचं तर दोन्हीकडे ठेवा.

रॅम कमी करून बघायची असेल तर एक पट्टी काढणं सोपं वाटतं, पण जोडीने चालणाऱ्या दोन पट्ट्यांतली एक काढली की मेमरीची रुंदी निम्मी होते आणि प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही मंदावतं. त्यापेक्षा लिनक्सवर बूट करताना ‘मेम’ हा पर्याय आणि विंडोजवर एमएसकॉन्फिगमधली ‘मॅक्झिमम मेमरी’ची मर्यादा वापरा. मर्यादा घातल्यावर हाती प्रत्यक्षात किती मेमरी आली ते मात्र तपासाच. हे पर्याय पत्त्याच्या हिशोबाने वरची मेमरी कापतात आणि ४ जीबीच्या खालच्या पत्त्यांतला काही भाग हार्डवेअरसाठी राखीव असतो, त्यामुळे ४ जीबी सांगितलं तरी हातात ३ जीबीच्या आसपासच पडू शकते. दोन्ही सिस्टीममध्ये आलेला खरा आकडा जुळवून घ्या.

विंडोजवर ‘शट डाउन’ करून पुन्हा सुरू करणं म्हणजे कोरी सुरुवात नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर कर्नलची अवस्था डिस्कवर साठवून परत आणली जाते. प्रत्येक फेरीआधी ‘रीस्टार्ट’च करा. चार्जर लावलेला हवा. सुरू झाल्यावर डिस्क शांत होईपर्यंत थांबा. अपडेट शोधणं, फाइलींची सूची करणं ही कामं पहिल्या काही मिनिटांत चालतात. अँटिव्हायरस मी बंद करत नाही, कारण ज्याच्या हाती लॅपटॉप जाणार त्याच्याकडे तो चालूच असणार.

कामाचा संच आणि ब्राउझरची गोम

दोन्हीकडे मिळणारे तेच प्रोग्रॅम, शक्यतो त्याच आवृत्तीचे घ्या. माझा संच फायरफॉक्स, लिबरऑफिस आणि गिंपचा आहे. एक मोठी स्प्रेडशीट, चित्रांनी भरलेली पीडीएफ, एक मोठा फोटो. वेबपानं आधीच डिस्कवर उतरवून ठेवलेली हवीत. थेट संकेतस्थळं वापरली तर त्या दिवशीच्या जाहिराती आणि नेटचा वेग तुमच्या मोजमापात शिरतो.

सगळ्यात जास्त गोंधळ ब्राउझर घालतो. मेमरी कमी पडली की आजचे ब्राउझर स्वतःहून टॅब उतरवतात. फायरफॉक्सने विंडोजवर हे ९३व्या आवृत्तीपासून, २०२१ मध्ये सुरू केलं. क्रोममध्ये मेमरी सेव्हर आहे. उतरवलेल्या टॅबवर परत गेलात की पान नव्याने लोड होतं. त्या वेळी तुम्ही मोजता ते पानाचं लोडिंग, पेजिंगचा त्यात संबंध नाही. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:अनलोड्स’ या पानावर कोणते टॅब उतरवले जातील याचा क्रम दिसतो. मोजणीपुरतं हे टॅब उतरवणं बंद ठेवा. नंतर परत चालू करा, कारण रोजच्या वापरात ती सोय खरंच उपयोगाची आहे.

आता एकेक पायरी चढायची. फायरफॉक्समध्ये पहिली दोन पानं उघडा. मग स्प्रेडशीट. पुन्हा पहिल्या पानावर या, वेळ टिपा. मग पीडीएफ उघडून तळापर्यंत सरकवा, पुन्हा पहिल्या पानावर. मग गिंपमध्ये फोटो, आणखी चार टॅब, दर पायरीला परत पहिल्या पानावर. क्रम कागदावर लिहून ठेवा आणि तो मोडू नका.

वेळ टिपायला फोनचा कॅमेरा पुरतो. कीबोर्ड आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन टेकवून ठेवा आणि सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ घ्या. ऑल्ट-टॅब दाबून बोट उचललं ती फ्रेम शोधा. मग पान नुसतं दिसलं ती फ्रेम सोडून द्या. पडद्यावर जुनं चित्र लगेच येतं, आतून विंडो अजून मेलेलीच असते. तुम्ही स्क्रोल केलं आणि मजकूर हलला, ती फ्रेम धरा. मधल्या फ्रेम मोजून ६० ने भागा. एका फ्रेमचे १६.७ मिलिसेकंद, एवढी बारकाई या कामाला भरपूर झाली. मी प्रत्येक संच अनेकदा करते आणि मधली किंमत आणि सगळ्यात वाईट किंमत अशा दोन्ही लिहिते. सरासरी घेत नाही. एकदा चाळीस सेकंद गोठलेला लॅपटॉप सरासरीत बरा दिसतो, वापरणाऱ्याला मात्र ते चाळीस सेकंदच आठवतात.

या वेळांचा आलेख काढलात तर पहिल्या काही पायऱ्यांवर रेघ सपाट जाते आणि मग एका पायरीला एकदम उसळते. पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेली ‘वर्किंग सेट’ची कल्पना इथे डोळ्यांना दिसते: चालू कामाला लागणारी पेजेस रॅममध्ये मावेनाशी झाली की थ्रॅशिंग, म्हणजे पेजेसची अखंड ने-आण, सुरू होतं. कोणती सिस्टीम किती पायऱ्या पुढे जाऊन मोडते आणि मोडताना कशी मोडते, यावर माझी तुलना उभी असते. लिनक्सवर शेवटी एखादा प्रोग्रॅम मारला जातो, पण त्याआधी यंत्र बराच वेळ गोठू शकतं. विंडोजवर रॅम आणि पेजफाइल (विंडोजची स्वॅपची फाइल) मिळून जी कमिट मर्यादा होते ती संपली की नवी मेमरी नाकारली जाते, आणि प्रोग्रॅम स्वतःच कोसळतो किंवा तक्रार करतो. न साठवलेलं काम दोन्हीकडे जाऊ शकतं, म्हणून ही चाचणी खऱ्या कागदपत्रांवर करू नका.

काउंटर वाचताना

लिनक्सवर ‘व्हीएमस्टॅट’ दर सेकंदाला चालू ठेवा. त्यातले ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे रकाने स्वॅपमधून आत आणि स्वॅपकडे बाहेर जाणारी रहदारी दाखवतात. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये मेमरीखाली ‘पेजेस इनपुट पर सेकंद’ घ्या, आणि कोणता प्रोग्रॅम भोगतोय ते रिसोर्स मॉनिटरच्या ‘हार्ड फॉल्ट्स’ रकान्यात बघा. नुसता ‘पेज फॉल्ट्स पर सेकंद’ घेऊ नका, त्यात मायनरही मोजलेले असतात.

हे दोन आकडे मात्र समोरासमोर ठेवू नका. ‘एसआय’मध्ये फक्त स्वॅप येतो, ‘पेजेस इनपुट’मध्ये फाइलींतून परत आणलेली पेजेसही येतात. शिवाय लिनक्सवर झेडरॅम असेल, म्हणजे रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप, तर ‘एसआय’ हजारोंत जातो, मेजर फॉल्टही वाढलेले दिसतात आणि तरीही डिस्कला हात लागलेला नसतो. अशा वेळी ‘आयओस्टॅट’ चालवून खऱ्या डिस्कच्या नावापुढची वाचनं वेगळी बघा. मॅकवर ‘व्हीएम स्टॅट’ कॉम्प्रेशन आणि डीकॉम्प्रेशन एका ठिकाणी आणि स्वॅपइन, स्वॅपआउट दुसऱ्या ठिकाणी मोजतो, ही विभागणी मला फार सोयीची वाटते.

लिनक्सवरचा माझा सगळ्यात भरवशाचा आकडा प्रेशरचा आहे. कर्नल ४.२० पासून ‘प्रोक’ फोल्डरात ‘प्रेशर’ आणि त्यात ‘मेमरी’ नावाची फाइल असते. तिच्या ‘फुल’ ओळीतला ‘एव्हीजी१०’ सांगतो की गेल्या १० सेकंदांतला किती टक्के वेळ चालू असलेली सगळीच कामं मेमरीसाठी अडून होती. किती पेजेस हलली यापेक्षा किती वेळ वाया गेला, हे त्यातून थेट कळतं. ही फाइल दिसत नसेल तर बूटच्या वेळी ‘पीएसआय=१’ द्यावं लागतं.

स्वतःचा छोटा प्रोग्रॅम

ज्यांना प्रोग्रॅमिंग येतं त्यांनी एक साधी चाचणी लिहावी: रॅमपेक्षा थोडी मोठी मेमरी घ्यायची, प्रत्येक पेजमध्ये काहीतरी लिहायचं, मग पेजेसना कुठल्याही क्रमाने हात लावत वेळ मोजायचा. लिहिणं गरजेचं आहे. नुसती मागितलेली मेमरी लिनक्स प्रत्यक्षात देतच नाही, हात लागेपर्यंत ती कागदावरच असते.

काय लिहायचं यावर मात्र सगळं अवलंबून आहे. सगळीकडे शून्य किंवा एकच आकडा भरलात तर कॉम्प्रेशन त्याला जवळपास काहीच जागा देत नाही आणि झेडरॅम अफाट चांगला दिसतो. पूर्ण यादृच्छिक बाइट भरलेत तर काहीच दबत नाही आणि तोच झेडरॅम वाईट दिसतो. मी प्रत्येक पेजचा अर्धा भाग यादृच्छिक आणि अर्धा शून्य ठेवते, म्हणजे साधारण निम्म्यावर दबतं. पेजचा आकार सिस्टीमला विचारूनच घ्या. ४ केबीच्या उड्या मारत १६ केबीच्या यंत्रावर गेलात तर एकाच पेजला चारदा हात लावाल.

मोजून झाल्यावर

एकाच वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा मोजा. ‘लिनक्स’ म्हणून एकच निकाल लिहू नका, कारण लिनक्सची वितरणं, म्हणजे फेडोरासारखे त्याचे तयार संच, मुळातच वेगवेगळी येतात. फेडोराने ३३व्या आवृत्तीपासून, ऑक्टोबर २०२० पासून, झेडरॅमवरचा स्वॅप आपणहून द्यायला सुरुवात केली. इतर ठिकाणी डिस्कवरची स्वॅप फाइल असू शकते. विंडोज १० पासून मेमरी कॉम्प्रेशन आधीच चालू असतं, मॅकवर ते २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आहे. म्हणजे झेडरॅम नसलेलं लिनक्स विंडोजशी ताडून बघताना एका बाजूला कॉम्प्रेशन आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. आधी दोन्हीकडे चालू करा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये ‘गेट-एमएमएजंट’ विचारलं की ते चालू आहे का हे कळतं.

झेडरॅम लावताना त्याचा आकार रॅमच्या निम्म्यापासून सुरू करा. ‘स्वॅपिनेस’, म्हणजे कर्नलने स्वॅपकडे किती कल ठेवायचा तो आकडा, एरवी ६० असतं. डिस्कपेक्षा झेडरॅम कितीतरी वेगवान असल्याने इथे ते वाढवणं योग्य ठरतं, कर्नल ५.८ पासून ते २०० पर्यंत नेता येतं. ‘पेज-क्लस्टर’, म्हणजे एका वेळी केवढा गठ्ठा उचलायचा ते ठरवणारी सेटिंग, शून्य करा; गठ्ठ्याने वाचण्याचा फायदा फिरत्या डिस्कला असतो, रॅमला नाही. झेडस्वॅप, म्हणजे डिस्कवरच्या स्वॅपकडे जाणारी पेजेस आधी रॅममध्ये दाबून ठेवणारी सोय, चालू असेल तर तो बंद करा, एकच पेज दोनदा दाबण्यात अर्थ नाही. कर्नल ६.१ किंवा पुढचं असेल तर पेजेस निवडण्याची नवी पद्धत, एमजीएलआरयू, चालू आहे का तेही बघा. कर्नलमध्ये असली तरी ती सुरू केलेली असेलच असं नाही. विंडोजवर पेजफाइल सिस्टीमच्याच हाती सोपवा, फक्त ती एसएसडीवर असू द्या.

आणि लॅपटॉपमध्ये अजून फिरती डिस्क असेल तर सिस्टीमची तुलना बाजूला ठेवून आधी साधी साटा एसएसडी बसवा, मग मोजायला सुरुवात करा. २ जीबी रॅम आणि हार्ड डिस्क या जोडीवर कॉम्प्रेशन असलेलं हलकं लिनक्सच टिकाव धरतं, आणि तेही मोजक्या टॅबांपुरतं. ४ जीबी आणि एसएसडी असेल तर विंडोज आणि नीट लावलेलं लिनक्स यांच्यातलं अंतर बरंच कमी होतं. तिथे मी दोन्हीकडच्या सगळ्यात वाईट वेळा शेजारी ठेवते, आणि ज्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती लॅपटॉप जाणार त्यांना कोणते प्रोग्रॅम लागतात ते विचारून ठरवते.